विकलेल्या यंत्राची जबाबदारी

गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या उतरलें कीं घड्याळजीचा व्यवहार बहुधा संपतो. लॅपटॉपच्या कारखानदाराचें तसें नाहीं. यंत्र गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचल्यावरच त्याच्या कामाचा दुसरा अध्याय सुरू होतो. त्या अध्यायाचा विषय फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या अंगींच बाणविलेली आज्ञावली. ती मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्यें वसते. कळ दाबतांच, विंडोज किंवा लिनक्स जागें होण्यापूर्वीं, ती जागी होते व यंत्राच्या एकेका अवयवास कामाला लावते. या पायांतच खोट निघाली, तर वरच्या इमारतीचा भरंवसा कोणी धरावा?

ही खोट काढणें मात्र एकट्या कारखानदाराच्या हातचें नसतें. प्रोसेसरमधील दोषाची दुरुस्ति इंटेल किंवा एएमडीकडून निघते. इन्साइड, फीनिक्स, अमेरिकन मेगाट्रेंड्स यांसारख्या संस्था ती फर्मवेअरमध्यें गोंवतात. मग ती प्रत्येक नमुन्यास जुळवून, पारखून, सांकेतिक सही करून कारखानदारानें पाठवावयाची असते. जितके नमुने, तितक्या वेळां पारख.

या कामांत घाई किती नडते, हें २०१८ च्या जानेवारींत दिसून आलें. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघडकीस येतांच इंटेलनें दुरुस्ति दिली व कारखानदारांनीं ती वांटण्यास आरंभ केला. परंतु कांहीं यंत्रें आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागलीं. अखेर २२ जानेवारीस इंटेललाच वांटप थांबविण्यास सांगावें लागलें.

उलट, दिरंगाईहि तितकीच घातक. यंत्र सुरू होतांना पडद्यावर कंपनीचें चिन्ह उमटतें. तें चित्र वाचणाऱ्या भागांत शत्रूला शिरकाव करतां येईल अशीं छिद्रें असल्याचें बायनार्ली या संस्थेनें २०२३ च्या डिसेंबरांत दाखविलें. 'लोगोफेल' या नांवानें हे दोष ओळखले जातात. मूळ रचनाकारानें छिद्र बुजविलें, तरी कारखानदार नवी प्रत पाठवीपर्यंत गिऱ्हाइकाचें यंत्र उघडेंच राहतें.

म्हणून शहाणा कारखानदार मधला मार्ग धरतो. नवी प्रत प्रथम थोड्यांना देतो. तक्रार न आल्यास सर्वांना. लेखन अर्धवट असतां वीज गेली तर यंत्र निर्जीव ठोकळ्यासारखें पडण्याचा संभव. म्हणून बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर तो काम सुरूच होऊं देत नाहीं. कित्येक यंत्रांत संकटकाळासाठीं जुनी प्रतहि राखलेली असते.

या साऱ्याला माणसें लागतात, पैसा लागतो, आणि नवी विक्री तर कांहींच होत नाहीं. येथेंच कारखानदाराच्या सचोटीची कसोटी लागते. क्रोमबुकांना दहा वर्षें आपोआप सुधारणा देण्याचें वचन गूगलनें २०२३ सालीं जाहीर केलें. लॅपटॉप घेणारानें किंमत जरूर विचारावी, पण त्याबरोबर, "याची काळजी किती वर्षें घेणार?" हाहि प्रश्न विचारावा. ज्या दुकानांत त्याचें उत्तर मिळत नाहीं, तेथील स्वस्ताई पुढें महागांत पडावयाची.