ज्युबिली हॉल आणि चहाचे कप

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका सभासदांनी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



समितीने मला ‘संगीत आणि शेजार’ हा विषय दिला आहे आणि वेळ दिली आहे पंधरा मिनिटं. बाहेर जेवणाची तयारी चालली आहे, तेव्हा लांबण लावत नाही. मुलगी इंग्लंडात इप्सविचला असल्यामुळे दोन उन्हाळे माझं तिकडे राहणं झालं. तिथून जवळच समुद्रकाठी ऑल्डबरा नावाचं गाव आहे. आज त्या गावाबद्दल बोलणार आहे. आणि शेवटी आपल्या तळमजल्यावरच्या हॉलवर येणार आहे. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की गोड बोलून ठराव पुढे सरकवला!

गाव लहान, वस्ती दोन-तीन हजारांची. किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. होड्या त्या गोट्यांवरच ओढून ठेवतात आणि शेजारच्या लाकडी खोपटांत ताजी मासळी विकतात. समुद्राने तिथली बरीच जमीन गिळली आहे. सोळाव्या शतकातलं त्यांचं सभागृह एकेकाळी गावाच्या मध्यावर होतं, ते आज थेट किनाऱ्यावर आलं आहे.

या गावात 1947 साली बेंजामिन ब्रिटन नावाचा संगीतकार राहायला आला. त्याचा जन्मही त्याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला, लोवेस्टॉफ्टला झालेला. तोवर त्याचं नाव झालं होतं. त्याच वर्षी तो आणि त्याचे सहकारी आपली संगीतिका घेऊन युरोपात फिरत होते. कौतुक भरपूर होत होतं, पण एवढी माणसं आणि सामान देशोदेशी न्यायचं म्हणजे खर्च परवडेना. तेव्हा पीटर पिअर्स या गायक मित्राने सुचवलं, की एवढ्या लांब जाण्यापेक्षा आपल्याच गावात चार मित्र मिळून छोटासा उत्सव का करू नये?

गावात सभा भरली. तोटा आला तर भरून देऊ, अशी हमी तिथल्या लोकांनी घेतली. आपण लिफ्ट बदलायच्या वेळी काय काय ऐकलं ते आठवा, म्हणजे या वाक्याचं वजन कळेल. जून 1948 मध्ये, एका शनिवारी उत्सव सुरू झाला आणि पुढच्या रविवारी संपला. गावच्या चर्चमध्ये संगीत झालं. ई. एम. फॉर्स्टर या लेखकाचं व्याख्यान झालं. संगीतिका झाली ती ज्युबिली हॉलमध्ये. हा हॉल राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचा, 1887 सालचा. म्हणजे महोत्सवाची आठवण म्हणून हॉल बांधायचा रिवाज तिकडेही आहे. तेव्हा त्यात माणसं मावायची सुमारे तीनशे.

आता ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. चेंबर म्हणजे खोली, तेव्हा हे खोलीत बसून वाजवायचं संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. समोर काठी हलवणारा कोणी नाही. एकाने गज उचलला की दुसरा श्वास घेतो, नजरेनेच सगळं ठरतं. आपल्याकडे बैठकीत गायक समेवर येताना तबलजीकडे बघतो ना, तसंच. हे दहाव्या रांगेपर्यंत दिसतं. पन्नासाव्या रांगेतून काय दिसणार? म्हणून हॉल लहान असणं ही यात अडचण नाहीच, उलट सोय आहे. रोस्त्रोपोविच हा रशियन चेलोवादक जगभरच्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवत असे. पण ब्रिटनने त्याच्यासाठी लिहिलेला सोनाटा 1961 साली दोघांनी मिळून पहिल्यांदा वाजवला, तो याच ज्युबिली हॉलमध्ये.

पुढे ही जागा अपुरी पडू लागली, हेही खरं. मग जवळच्या स्नेप गावातली, बिअरसाठी बार्ली मोड आणून भाजायची जुनी इमारत त्यांनी सभागृह म्हणून उभी केली. 1967 मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. 1969 च्या उत्सवाच्या पहिल्याच रात्री ती जळून खाक झाली! उत्सव मात्र बंद पडला नाही. मोझार्टची ठरलेली संगीतिका ब्लायबरा गावच्या चर्चमध्ये हलवली. लहान जागांत करायची वीस वर्षांची सवय होती, ती कामी आली, असं माझं मत. वर्षभरात इमारत पुन्हा उभी राहिली आणि राणी पुन्हा आली.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 1958 ची. नोहा आणि महापुरावरची संगीतिका, जवळच्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये झाली. मोठी माणसं अगदी मोजकी, बाकी सगळी आसपासच्या शाळांतली मुलं. कोणी उंदीर, कोणी उंट, कोणी पक्षी. प्रेक्षकांनीही मध्ये मध्ये उठून गायचं. पावसाचे पहिले थेंब कसे वाजवायचे, हा प्रश्न होता. इमोजेन होल्स्ट या त्याच्या सहकारी बाईंनी युक्ती सांगितली. चहाचे कप दोरीला टांगले आणि लाकडी चमच्याने वाजवले. टप्... टप्. त्या नादाची जागा ब्रिटनने स्वरलिपीतच लिहून ठेवली आहे. नवशिक्या मुलांनाही वाजवता येईल असे भाग त्याने मुद्दाम लिहिले, आणि ते सोपे असले तरी फालतू नाहीत.

तिथे सगळं गोडीगुलाबीने चालतं असं मात्र समजू नका. 2003 मध्ये ब्रिटनच्या स्मरणार्थ किनाऱ्यावर पोलादाचा मोठा शिंपला उभारला, तर गावात दोन तट पडले. कोणीतरी त्यावर रंगही फासला. हे वाचून मला, खरं सांगतो, अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता आपला हॉल. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो एका क्लासला पूर्णवेळ भाड्याने द्यायचा विषय आहे. पैसे लागणार आहेत, इमारतीला पंचवीस वर्षं झाली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, सगळं मान्य. पण एकदा पूर्णवेळ दिला की परत मिळणार नाही. माझी सूचना आहे, की सोमवार ते शुक्रवार क्लासला द्या. शनिवार-रविवार आपल्याकडे ठेवा. भाडं थोडं कमी येईल. वर्षातून एक शनिवार-रविवार तिथे माइक न लावता संगीत करू. बी विंगमध्ये तबला आहे, सी विंगमधल्या दोन मुली व्हायोलिन शिकताहेत (त्यांच्या खालच्या मजल्यावरच्यांना हे वेगळं सांगायला नको), पेटी माझ्याकडे आहे. कप प्रत्येकाच्या घरात आहेत.

करारात तसं कलम घालावं, असं पत्र मी सचिवांकडे दिलं आहे. विषयपत्रिका निघायच्या आत आणखी कोणाला सही करायची असेल तर पत्राची प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. आणि क्लास येवो न येवो, हॉलमधले ते डावीकडचे दोन पंखे तेवढे दुरुस्त करून घ्या. फार खडखडतात.