मालकाच्या पैशानें शिक्षण : घ्यावें कीं न घ्यावें ?

(महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. इतिहास पुस्तिकेंत अन्यत्र दिला आहे. आभार चिटणीस मानतीलच. माझ्या वांट्यास आलेला वेळ मी एका अगदीं व्यावहारिक प्रश्नास देणार आहें. हा विषय देवळाच्या अंगणांत शोभत नाहीं असें कोणास वाटल्यास त्यांनीं क्षणभर धीर धरावा.

हल्लीं माझ्या कचेरींत बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या दाखल्यांच्या खालोखाल जर कोणता कागद अधिक येत असेल, तर तो महाविद्यालयाचें माहितीपत्रक होय. कागद घेऊन येणारा तरुण बहुधा नोकरींत असतो. कोणी बुटीबोरीच्या कारखान्यांत, कोणी नागपूरच्या एखाद्या गोदामांत वा इस्पितळांत. माहितीपत्रकासोबत त्याच्या हातीं दुसरेंही एक पत्र असतें. त्यांत मालकानें लिहिलेलें असतें कीं, तूं पुढें शिकलास तर तुझ्या फीचा अमुक हिस्सा आम्ही भरूं. "फादर, घेऊं का प्रवेश ? पैसे तर कंपनीच देणार आहे," एवढाच त्याचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नास 'हो' किंवा 'नाहीं' असें एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं, म्हणूनच आज तो सर्वांपुढें मांडीत आहें.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. आपल्या देशांत नफ्यासाठीं चालणारें महाविद्यालय कायद्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नाहीं. संस्था न्यासाच्या किंवा सोसायटीच्या नांवावर चालते आणि तिनें धंदा करूं नये असा दंडक आहे. सन १९८३ मध्यें वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतां महाराष्ट्रानें विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व तत्सम महाविद्यालयें काढण्यास मुभा दिली. तोंवर आपल्याकडील ऐपतदारांचीं मुलें कर्नाटकांत जाऊन तेथें पैसा मोजीत असत. मुभा मिळाली, इमारती उठल्या, आणि 'शिक्षणसम्राट' हा नवा शब्द मराठी भाषेस लाभला. लागलीच १९८७ सालीं देणगीवजा फी घेण्यास मनाई करणारा कायदा ह्याच राज्यास करावा लागला. पुढें २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीं टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यांत सांगितलें कीं, संस्थेनें आपल्या वाढीपुरती वाजवी शिल्लक राखावी, पण नफेखोरी करूं नये. आणि २००५ सालीं सात न्यायमूर्तींनीं आपल्याच राज्यांतील इनामदार खटल्यांत तेंच पुनः बजाविलें. २०१५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरविण्यास शुल्क नियामक प्राधिकरण नेमलें आहे. कोणत्या महाविद्यालयास किती फी मंजूर आहे, हें प्राधिकरण प्रसिद्ध करतें. तेव्हां माहितीपत्रकांतील आंकडा आणि मंजूर आंकडा शेजारीं ठेवून पाहणें हें पहिलें काम. तेवढ्यानेंच कांहीं प्रश्न जागच्या जागीं सुटतात.

परंतु कायदा आहे म्हणून नफा नाहीं, असें समजण्याइतके आपण भोळे नाहीं. न्यास एकाचा, इमारत त्याच्याच भाच्याची, आणि न्यास त्या इमारतीचें भाडें भरतो. पुस्तकें, गणवेष, बस, वसतिगृह यांचे ठेके घरांतल्या घरांत फिरतात. अशा वाटांनीं पैसा बाहेर पडूं शकतो आणि जमाखर्चाची वही मात्र स्वच्छ राहते. ही कसोटी आपल्या ख्रिस्ती संस्थांनाही तितकीच लागू आहे, हें मी येथें मोकळेपणानें सांगतों. ख्रिस्तमंदिराच्या भिंतीला लागून असलेली शाळा तेवढ्यानें पवित्र होत नाहीं.

शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा हा वाद आपल्या वर्धा जिल्ह्यास नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, तेव्हां शाळेंतील मुलांच्या हस्तव्यवसायाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, असा विचार तेथें मांडला गेला. मुलांच्या श्रमावर शाळा चालविणें कितपत योग्य, अशी शंकाही लोकांनीं घेतली, आणि ती शंका रास्त होती. पण एक गोष्ट त्या योजनेंत स्वच्छ होती : शिक्षणांतून जें निघेल तें शिक्षणासच परत जावयाचें होतें.

आतां अमेरिकेकडे पहा, कारण तेथें नफ्याचें महाविद्यालय कायदेशीर आहे आणि मालकानें फी भरण्याची चालही जुनी आहे. मालकानें नोकराच्या शिक्षणावर वर्षास ५,२५० डॉलरपर्यंत केलेला खर्च तेथें करमुक्त धरण्यांत आला. नोकरदार प्रौढांसाठींच निघालेलें फीनिक्स विद्यापीठ १९७६ सालचें. अशा तीस कंपन्यांचे हिशेब अमेरिकन सिनेटच्या एका समितीनें तपासले व २०१२ सालीं अहवाल दिला. २००९ सालच्या उत्पन्नापैकीं शेंकडा २२·७ जाहिरात व विद्यार्थी जमविण्याकडे, शेंकडा १९·४ नफ्याकडे, आणि प्रत्यक्ष शिकविण्याकडे शेंकडा १७·२. म्हणजे विद्यार्थ्यास शिकविण्यापेक्षां त्यास दारापर्यंत आणण्यावर अधिक खर्च झाला. आणखी एक शोध दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनीं, सेलिनी आणि गोल्डिन यांनीं, २०१४ सालीं प्रसिद्ध केला. ज्या नफ्याच्या संस्थांच्या विद्यार्थ्यांस सरकारी मदत मिळूं शकते, त्यांची फी तशाच पण मदत न मिळणाऱ्या संस्थांपेक्षां सुमारें पाऊणपटीनें जास्त आढळली. दुसऱ्याचा पैसा येत आहे असें दिसलें कीं दुकानदार भाव चढवितो. तें दुकान शिक्षणाचें असलें तरी चाल बदलत नाहीं. २०१५ सालीं कॉरिंथियन व २०१६ सालीं आय. टी. टी. ह्या मोठ्या संस्था बंद पडल्या, तेव्हां अभ्यासक्रम अर्धवट राहिलेले हजारों विद्यार्थी रस्त्यावर आले.

हें दूरदेशींचें झालें, असें म्हणून कोणी निश्चिंत होऊं नये. ओडिशांतील एका सरकारी महामंडळाच्या नोकरींतील पदवीच्या ग्राह्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३ नोव्हेंबर २०१७ रोजीं त्याचा निकाल लागला. चार अभिमत विद्यापीठांनीं पत्रद्वारें अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्यांस आवश्यक ती मान्यताच नव्हती असें ठरलें. २००१ ते २००५ या काळांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांस पुनः परीक्षेची संधि देण्यांत आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. पत्रद्वारें अभियांत्रिकी शिकणारा माणूस बहुधा नोकरदारच असतो. दिवसां काम, रात्रीं अभ्यास, त्यावर मिळालेली बढती, आणि बारा-पंधरा वर्षांनीं कळावें कीं पदवी कागदाचीच होती ! त्या चारांपैकीं एक संस्था अलाहाबादेस एका ख्रिस्ती मिशनऱ्यानें १९१० सालीं स्थापिलेली होती, हेंही लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आपल्या नागपूरच्या नांवाची एक संस्थाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादींत झळकत आली आहे. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्यानें विद्यापीठांसच आहे. संगणकावरून शिकवणी विकणाऱ्या कंपनीस तो नाहीं, आणि विद्यापीठानें आपलें नांव अशा कंपनीस भाड्यानें देऊं नये, अशी सूचना आयोगानें २०२२ सालीं काढली आहे.

आपल्या सिंदीचा तान्हा पोळा सर्वत्र नांवाजलेला आहे. त्या दिवशीं लाकडी नंदी असे सजतात कीं खऱ्या बैलानें लाजावें. पण आपल्यांतील कोणताही शेतकरी त्या नंदीस जूं लावूं पाहत नाहीं. बाजारांत बैल घेतांना तो झूल उचलून पाहतो, दांत मोजतो, चार पावलें चालवितो. माहितीपत्रकाची झूल उचलतांना मात्र आमच्या तरुणाचा हात कां थरथरतो, हें मला उमगत नाहीं. तीन वर्षांमागें तेथून उत्तीर्ण झालेल्यांपैकीं चौघांस गांठावें व आज ते काय करतात, काय मिळवितात, हें विचारावें. संस्था त्यांचीं नांवें देण्यास कांकूं करील तर तेंच उत्तर समजावें.

आतां मालकाच्या पत्राकडे वळूं. माझ्या मतें हें पत्र बहुतेक जण नीट वाचत नाहींत. 'कंपनी फी भरणार' ह्या तीन शब्दांच्या पोटांत पुष्कळ कांहीं दडलेलें असतें. कंपनी आधीं भरते, कीं तुम्हीं भरून उत्तीर्ण झाल्यावर ती परत देते ? अमुक गुण न मिळाल्यास काय ? वर्षाची मर्यादा किती ? मधेंच कारखाना बंद झाला, किंवा त्यांनींच तुम्हांस काढलें, तर उरलेला बोजा कोणाचा ? आणि शिक्षण झाल्यावर किती वर्षें तेथेंच राहण्याचा बाँड ?

बाँडास घाबरण्याचें कारण नाहीं, पण तो हलका समजूं नये. मे २०२५ मध्यें विजया बँकेच्या एका माजी अधिकाऱ्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, तीन वर्षांच्या आंत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें करारांत लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय, आणि तिच्या आंत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. तरी कोर्टाची पायरी चढून वाजवीपणा सिद्ध करण्यापेक्षां सही करण्यापूर्वीं आंकडा खालीं आणणें स्वस्त पडतें.

एक हिशेब मांडून दाखवितों. समजा, तीन वर्षांची फी २,४०,००० रुपये. कंपनी वर्षास ५०,००० देते, म्हणजे १,५०,०००. उरले ९०,०००, ते कर्जानें आले. पदवीनंतर पगार महिन्यास ३,००० नें वाढला, तर वर्षास ३६,००० झाले, आणि व्याज बाजूस ठेविलें तरी आपले ९०,००० वसूल होण्यास अडीच वर्षें लागलीं. बाँड त्याच अडीच वर्षांत पायांत आहे, म्हणून दुसरीकडे चांगली जागा मिळाली तरी हलतां येत नाहीं. ह्यांत संध्याकाळची गाडी चुकल्याच्या रात्री, बुडालेला ओव्हरटाईम, आणि लेकराच्या आजारांत एकटी जागलेली पत्नी हीं धरलेलीं नाहींत. पगारवाढ मिळेलच असें कंपनीनें लिहून दिलें आहे का, हें विचारल्यावर माझ्या समोरचे बहुतेक तरुण गप्प बसतात.

ह्याच रकमेंत दुसरी वाट आहे का, हें पाहिलेंच पाहिजे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचें, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ सालचें. त्यांची फी कंपनीच्या मर्यादेंत पुष्कळदां बसते, आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमींच्या पदवीशीं समकक्ष आहे, असें अनुदान आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. अभियांत्रिकीस ही वाट नाहीं. तेथें नोकरदारांसाठीं सोयीच्या वेळेचे वर्ग तंत्रशिक्षण परिषदेनें २०२३ पासून मान्य केले आहेत. ते नागपूर-वर्ध्याकडे कोणत्या महाविद्यालयांत चालतात, तें परिषदेच्या यादींतूनच पाहावें, दलालाच्या तोंडून ऐकूं नये. ज्यास पदवीपेक्षां हातांतील कसब हवें आहे, त्यानें सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस कमी लेखूं नये.

माझें स्वतःचें मत विचाराल तर तें असें. मालकाचा पैसा नाकारूं नये. तो दान नव्हे, तुमच्या श्रमाच्या मोबदल्याचाच एक भाग आहे, आणि तो घेतांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. परंतु खाजगी महाविद्यालयांत तो तेव्हांच घालावा, जेव्हां विद्यापीठाची व परिषदेची मान्यता ज्या अभ्यासक्रमास जावयाचें त्याच अभ्यासक्रमास, त्याच वर्षापुरती, कागदोपत्रीं दिसते; जेव्हां तो विषय तुमच्या हातच्या कामास खरोखर उपयोगी आहे; आणि जेव्हां कंपनीच्या रकमेबाहेर कर्ज काढावें लागत नाहीं. कर्ज काढावें लागत असेल, तर मी स्पष्ट 'नाहीं' म्हणतों. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्च मोजावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपण सर्वांनीं ऐकला आहे. एका तरुणानें माझें हें ऐकून प्रवेश एक वर्ष पुढें ढकलला आणि तेवढ्यांत कंपनीकडून आधीं फी भरण्याची अट मान्य करून घेतली. दुसऱ्यानें माझें न ऐकतां प्रवेश घेतला, आणि त्याचेंही बरें चाललें आहे. त्याच्या कंपनीचें पत्र मुळांतच चांगलें होतें.

मुलींविषयीं एक शब्द. परिचारिकेचें काम करणाऱ्या आपल्या कित्येक भगिनींस इस्पितळाकडून पुढील शिक्षणाची मदत देऊं केली जाते, आणि घरचे म्हणतात, "लग्न झाल्यावर बाँड कोण पाळणार ?" ज्या सासरीं सून कमावती हवी पण शिकती नको, त्या सासरचा हिशेब मला कधींच जमला नाहीं.

पुढील महिन्यापासून दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मी तासभर कचेरींत ह्याच कामासाठीं बसेन. आपल्यांतील एक निवृत्त मुख्याध्यापक व वकिली करणारे एक गृहस्थ यांनीं सोबत बसण्याचें कबूल केलें आहे. येतांना दोन्ही कागद आणावे, महाविद्यालयाचा आणि कंपनीचा. विवाहित असल्यास जोडीदारासही आणावें. आणि कृपा करून पहिला हप्ता भरण्यापूर्वीं यावें.