चिखलातली वीजवाहक तार



सेंद्रिय म्हटले की आपल्याला शेणखत आठवते आणि वीजवाहक तार म्हटली की तांबे. मग सेंद्रिय पदार्थाची वीजवाहक तार, आणि तीही चिखलात तयार होणारी, असे कुणी सांगितले तर आपण म्हणू, “छे, काहीतरीच!” पण अशी तार खरोखरच आहे. तिचा उलगडा करण्यात मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या एका संशोधकाचा मोठा वाटा आहे. निखिल मालवणकर हे त्यांचे नाव. पवईहून ते अमेरिकेस गेले, आणि पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आता जरा भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. पाणी तुंबले की मातीतली हवा सरते. आपण अन्न खातो, तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण सुटतात. ते शेवटी प्राणवायूच्या पदरात टाकावे लागतात. आपण श्वास घेतो तो त्यासाठीच. पण चिखलात प्राणवायू कुठला? तिथले काही जिवाणू हे कण मातीतल्या लोखंडाच्या गंजाला देतात. तांबडी माती पाण्याखाली राहून करडी, निळसर होते, त्यामागे अशा जिवाणूंचे काम असते.

यांतलाच एक जिओबॅक्टर. १९८७ साली डेरेक लव्हली यांना तो अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. आता अडचण अशी, की गंज बाहेर आणि कण पोटात. ते पोचवायचे कसे? त्यासाठी हा जीव अंगातून बारीक तंतू बाहेर सोडतो. जाडी सुमारे ४ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे वीस हजार तंतू शेजारी शेजारी मावतील!

हा तंतू कशाचा? २००५ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की हे जिवाणूच्या अंगावरचे ‘पिलाय’ नावाचे प्रथिनांचे केस आहेत. २०११ साली मालवणकरांनी लव्हली यांच्यासह याच समजुतीवर शोधनिबंध लिहिला. पुढे मालवणकर आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे एडवर्ड एगेलमन यांच्या गटांनी तंतू गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २०१९ साली निष्कर्ष जाहीर झाला. तो तंतू पिलाय नव्हताच! ती ‘ओ.एम.सी.एस.’ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाची माळ होती. माळेच्या प्रत्येक मण्यात ‘हीम’चे सहा रेणू. हीम म्हणजे लोह धरून ठेवणारा तोच पदार्थ, जो आपल्या रक्तातही असतो.

ही माळ वीज कशी नेते? स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात देतात ना, तसेच. एक हीम इलेक्ट्रॉन पुढच्या हीमला देतो, तो त्याच्या पुढच्याला. भोवतीचे प्रथिन तारेवरच्या रबरासारखे आवरण होते.

प्रयोगशाळेत ही तार करायची, तर जिवाणू हवाबंद भांड्यात वाढवतात आणि तंतू घुसळून वेगळे करतात. २०२० साली याच गटाला दिसले, की भांड्यात विजेचे क्षेत्र ठेवले तर जिवाणू ‘ओ.एम.सी.झेड.’ नावाची दुसरी तार करतो, आणि ती सुमारे हजारपट चांगली वीज नेते. तांब्याची सर तिला नाही, हे खरे. पण ती जिवाणूच करतो. धातू वितळवणारी भट्टी लागत नाही.

शिक्षक मित्रांनो, भुईमुगाच्या मुळावरची चांगली पोसलेली गाठ नखाने फोडून मुलांना दाखवा. आतला गुलाबी रंग हीममुळेच असतो. आणि त्याबरोबर एवढेही सांगा, की ज्याने २०११ साली एक म्हटले, त्यानेच २०१९ साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहून दुसरे म्हटले. या तंतूंविषयीचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तो नव्या प्रयोगांनी मिटेल. फळ्यावर चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडण्यात कमीपणा नाही, हे मुलांना पटवायला याहून चांगला दाखला कुठे मिळणार?