रूळ ठीक, खडी खराब
(गणेशोत्सवात मंडळासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने सांगितलं, ‘रेल्वेवर बोला.’ मी म्हटलं, या वेळी आपल्या बंगळुरातल्या एका शोधावर बोलतो. बेळ्ळंदूरच्या या मांडवात निम्मे लोक आयटीतले, काही चिपवाले. मी डिप्लोमावाला, रुळांवरचा माणूस. चुकलो तर पंगतीत कान धरा!

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एका अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला. २०१० चं नोबेल मिळालं. त्यात इलेक्ट्रॉन फार सहज धावतात. पण एक कोडं होतं. व्होल्टेज बदलत नेलं की एका जागी ऋण इलेक्ट्रॉन आणि धन ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, बरोबरीत येतात. तिथली किमान वाहकता निसर्गानेच ठरवलेली असेल, असं वाटत होतं. प्रत्यक्षात दर नमुन्याचा आकडा वेगळा.

नोकरीच्या सुरुवातीला एका जागी गाडी हेलकावे खायची. मी रूळ बदलण्याचा कागद करायला निघालो. आमचा म्हातारा गँगमेट म्हणाला, “साहेब, रूळ कशाला बघता? खडी बघा.” उकरलं तर खाली चिखल!

ग्राफीनचंही तेच. ते ज्या सिलिकॉन ऑक्साइडवर ठेवत, त्यात विद्युतभार अडकलेले असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळावा लागत नाही. ते खालूनच ओढतात, ढकलतात. खाली धनभार असेल तिथे वर इलेक्ट्रॉन जमतात, ऋणभार असेल तिथे होल. सरासरी शून्य, पण जागोजागी डबकी. शास्त्रज्ञही त्यांना डबकीच म्हणतात. आपल्या आउटर रिंग रोडवर पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण पाणी कुठे साचतं ते तुम्हाला सांगायला नको.

२००८ मध्ये मेरीलँडच्या गटाने ग्राफीनवर मुद्दाम पोटॅशियमचे अणू टाकले. जितके अणू जास्त, तितके इलेक्ट्रॉन मंद. मग २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात खालची खडीच बदलली: ऑक्साइडऐवजी बोरॉन नायट्राइडचा सपाट स्फटिक. इलेक्ट्रॉनची चाल जवळजवळ दसपट सुधारली.

आता आपल्या गावची गोष्ट. रिक्षावाले ज्याला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, त्या आयआयएस्सीत अरिंदम घोष यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांबरोबर अतिशय स्वच्छ ग्राफीन तपासलं. २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले. धातूत वीज चांगली वाहते तशी उष्णताही, त्याच प्रमाणात. हा नियम १८५३ पासूनचा. इथे मात्र, त्या बरोबरीच्या जागेजवळ, एक वाढलं की दुसरं घटत होतं, आणि नियमापासूनची तफावत दोनशे पटींहून जास्त! इलेक्ट्रॉन सुटे न धावता एकत्र, द्रवासारखे वाहत होते. आणि गंमत म्हणजे दोन्ही वहनं एकाच सार्वत्रिक स्थिरांकाशी बांधलेली निघाली. निसर्गाचा ठरलेला आकडा होता. डबक्यांखाली बुडाला होता.

या संस्थेत वर्षातून एकदा ओपन डे असतो, सगळ्यांना प्रवेश. मुलांना न्यायला दोन गाड्या करू. नावं आरतीनंतर माझ्याकडे द्या.