हृदयाचा धडा महाडात
(अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षांनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. ती मी फारशी पाळणार नाही, कारण रक्ताभिसरणाच्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षं तपासते आहे. आकृती सुरेख असते. उजवी बाजू निळी, डावी तांबडी, बाण जागच्या जागी, चारही झडपांची नावं बिनचूक. त्याच मुलीला वॉर्डात विचारावं, ‘अगं, या पेशंटचं बीपी एवढं चढलंय, मग हातपाय गार का?’ की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिचा अभ्यास कमी पडलेला नसतो. तिला असा प्रश्न आपण कधी घातलेलाच नसतो.

आज आपण महाडात जमलो आहोत, तर महाडचंच उदाहरण घेऊ. हृदय आणि रक्ताभिसरण शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अख्ख्या महाराष्ट्रात दिसत नाही. इथून जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली आजच्या जालना जिल्ह्यातून आलेला एक तरुण डॉक्टर रुजू झाला. डॉ. हिम्मतराव बावस्कर. पुढे 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पेंढा उपसताना, लाकडं काढताना, अंधारात चप्पल पायात सरकवताना लाल विंचू चावायचा, आणि धडधाकट माणूस रात्रीत दगावायचा. विंचवाने माणूस मरतो म्हणजे नेमका कशाने मरतो, हे पुस्तकात धड लिहिलेलं नव्हतं. बावस्करांनी पेशंटच्या खाटेशेजारी बसून नाडी, बीपी, घाम, श्वास यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. हत्यारं काय, तर स्टेथोस्कोप आणि बीपीचा पट्टा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आपण तुमच्या हातात देतो तीच. त्या निरीक्षणांवरचा लेख 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

आता पुस्तकं मिटा आणि त्या खाटेशी चला.

विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडीच ठेवतं. त्यामुळे ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा रक्तात येतो. उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने निथळतं. कातडीतल्या बारीक धमन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय बर्फासारखे. त्याच आवळण्याने रक्तदाब वर. म्हणजे चढलेलं बीपी आणि गार हात ही एकाच कारणाची दोन लक्षणं झाली. डाव्या जवनिकेला या आवळलेल्या वाटांमधून रक्त ढकलावं लागतं. तुमच्या पुस्तकात ‘आफ्टरलोड’ म्हणून दोन ओळींची व्याख्या आहे ना, ती ही. काही तास जवनिका झुंजते, मग थकते. तिच्यातून पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं: आधी डाव्या कर्णिकेत, तिथून फुप्फुसांच्या शिरांत, तिथून केशवाहिन्यांत. रक्तातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात ते साधारण 25 मिलिमीटर पाऱ्याच्या जोराने. केशवाहिन्यांतला दाब त्याच्या वर गेला की पाणी वायुकोशांत पाझरू लागतं. पेशंट उठून बसतो, खोकतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. पल्मनरी इडिमा. एव्हाना बीपी उतरलेलं असतं, आणि नवखी सिस्टर समजते, ‘चला, सुधारतोय.’

एका माणसाच्या एका रात्रीत तुमचा निम्मा अभ्यासक्रम येऊन जातो. यात तोंडपाठ करण्यासारखं थोडंच आहे. एक गोष्ट घडली म्हणून दुसरी घडली, एवढा क्रम सुटला नाही की झालं.

उपायही त्या क्रमातूनच निघाला. थकलेल्या हृदयाला चाबूक मारून भागणार नव्हतं, समोरची वाट मोकळी व्हायला हवी होती. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध. धमन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर ते अडवतं. 1986 साली त्याच्या वापराविषयी बावस्करांनी पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. गंभीर दंशातल्या मृत्यूचं प्रमाण पूर्वी तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाई, ते एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे महाडातच 70 रुग्णांवर चाचणी झाली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर पेशंट आणखी लवकर सावरतो, हे ‘बीएमजे’ने 2011 साली छापलं. फार्माकॉलॉजीच्या पेपरात मात्र आमची मुलं ‘अल्फा ब्लॉकर्स: शॉर्ट नोट’ लिहितात आणि महाडचं नावसुद्धा घेत नाहीत. गाईड छापणाऱ्यांवर माझा राग नाही, ते आम्ही काढलेले प्रश्न बघूनच छापतात.

नर्सिंगच्या मुलींसाठी आणखी दोन गोष्टी, कारण त्या डॉक्टरांच्या आधी तुम्हालाच दिसणार आहेत. प्राझोसिन घेतलेला पेशंट एकदम उठून बसला तर बीपी धाडकन खाली येतं. त्याला आडवंच ठेवायचं, नातेवाईकांनी कितीही आग्रह केला तरी चालवत बाथरूमला न्यायचं नाही. दुसरी गोष्ट जरा उफराटी वाटेल. गार पडलेले हात पुन्हा कोमट झाले आणि दंशाच्या जागी परत ठणका लागला, तर पेशंट ओरडेल, पण तुम्ही मनात हायसं म्हणा. विषाचा अंमल उतरत असल्याची ती खूण आहे. हे कळायला मॉनिटर लागत नाही, पेशंटच्या हाताला हात लावावा लागतो.

क्रमाने विचार करण्याची ही रीत जुनी आहे. विल्यम हार्वेने 1628 साली रक्ताभिसरण मांडलं ते साध्या हिशेबाच्या जोरावर. तो हिशेब आजच्या आकड्यांत करून बघा. एका ठोक्याला 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. तासाला तीनशे लिटर, माणसाच्या वजनाच्या चौपटीहून जास्त. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रक्त यकृतात बनत असेल, तर एवढं नवं रक्त ते तासातासाला कुठून बनवणार? तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वेने पाहिल्याही नव्हत्या. त्या मालपिगीला 1661 साली बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या, तोवर हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

आता थोडं अवघड बोलते. चवदार तळ्याच्या गावात उभं राहून ते टाळणं बरं नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली झाला. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. कागद तयार होता. पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून अस्पृश्य ठरवलेली माणसं तळ्यात उतरली, पाणी प्यायली, त्याबद्दल त्यांनी मारही खाल्ला. त्या हक्कावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला 1937 साल लागलं. त्या लढ्याशी आपल्या परीक्षेची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण कागदावर मिळालेला प्रवेश आणि प्रत्यक्ष हाती लागलेली वस्तू यांतलं अंतर कसं ओळखावं, हे या गावाने शिकवलं आहे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून आलेल्या मुलीला नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला जागा मिळते. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या त्या मुलीपुढे आपण जाडजूड इंग्रजी पुस्तक टाकतो आणि ती पाठ करते म्हणून तिलाच नावं ठेवतो.

इंग्रजी तिला लागणारच. औषधांची लेबलं, केसपेपर, पुढच्या नोकरीच्या परीक्षा सगळं इंग्रजीत आहे. माझं म्हणणं शिकवण्याच्या पायऱ्यांबद्दल आहे. विंचवाच्या पेशंटची हकीकत तिने आधी मराठीत, आपल्या घरच्या बोलीत, मोठ्याने सांगावी. ‘म्हणून’ कुठे अडखळतो ते तिथेच कळतं. मग प्रत्येक पायरीला पुस्तकातला शब्द चिकटवावा. अशी सांगितलेली हकीकत ऐकायला वेळ लागतो, तास बुडतो, ही आपल्यापैकी अनेकांची तक्रार मला ठाऊक आहे. बुडू दे एखादा.

आणि परीक्षकांनो, आपणही प्रश्न बदलूया. ‘हृदयाची रचना आकृतीसह लिहा’ याच्या जागी असं विचारा: पेंढा काढताना विंचू चावलेला शेतकरी, दोन तास झालेत, पल्स 120, बीपी 170/110, हातपाय गार. आणखी काही तासांनी वरचं बीपी 90 आणि खोकला सुरू. हृदयात काय घडलं? दर अर्ध्या तासाला तुम्ही काय बघाल आणि का? प्रत्येक तालुक्यात असे पेशंट आहेत. सांधे सुजण्याच्या तापाने मायट्रल झडप आकसलेली आणि सातव्या महिन्यात धाप लागलेली बाई आहे. हिमोग्लोबिन चारवर आल्याने हृदय दुप्पट पळणारी शाळकरी मुलगी आहे. दुपारच्या सत्रात प्रत्येक टेबलावर कोरे कागद ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे. आपापल्या दवाखान्यातला, वॉर्डातला एकेक पेशंट नाव-गाव वगळून त्यावर उतरवा, खाली तीन प्रश्न लिहा, आणि चहाच्या आधी माझ्याकडे द्या. विद्यार्थ्यांनीही लिहायचे आहेत.