शाळा अंगणांत गेली



शिक्षकाच्या हजेरीपटांत गैरहजेरीची खूण असते. तिचें कारण नसतें. माझ्या वर्गांतील एक मुलगी वरचेवर गैरहजर राही. एके दिवशीं ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. मीं नियमावर बोट ठेवून तिला दारांतूनच परत पाठविलें. ती पुन्हां आली नाहीं. नियम पाळला गेला, विद्यार्थिनी मात्र गेली! त्या प्रसंगाचा अर्थ मला पुढें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें कार्य समजल्यावर उमगला.

भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० मध्यें बालमंदिर काढलें. ताराबाई १९२३ सालीं त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ज्यांच्या पद्धतीपासून ह्या मंडळींनीं स्फूर्ति घेतली, त्या डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ मध्यें आपलें पहिलें बालगृह रोममधील गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तींत उघडलें होतें. परंतु आपल्याकडे ही पद्धति बहुधा शहरांतील सुखवस्तु घरांच्या पायरीशींच थबकली. तिचीं महागडीं साधनें खेड्यांतील गरिबाला कशीं परवडावींत?

हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ मध्यें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तींतील मुलें तिच्याकडे येईनात. तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. मुलांना न्हाऊं घालावें, नखें कापावींत, केस विंचरावेत, आणि मग गाणीं व गोष्टी सांगाव्यात, असा तो क्रम. शिंपले, खडे, पानें व बिया हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. ही अंगणवाडी.

१९५७ मध्यें हें कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर आलें. वारली मुलें दिवसभर गुरांमागें जात, म्हणून त्यांच्यासाठीं कुरणावरच शाळा भरूं लागली, ती कुरणशाळा. आणि ज्या उत्तरानें मला खजील केलें, ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत! कडेवरचें मूल पाळणाघरांत निजे, आणि त्याची बहीण शेजारच्या वर्गांत धडा वाची. मुलगी शाळेंत यावयाची असेल, तर आधीं तिची कडेवरची जबाबदारी कोणीतरी उतरवून घेतली पाहिजे, हें ह्या दोन स्त्रियांनीं ओळखलें. स्त्रीशिक्षणावरील शंभर व्याख्यानांनीं जें साधलें नसतें, तें एका पाळण्यानें साधलें.

ताराबाई १९७३ मध्यें निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. नांव गेलें, त्यामागची दृष्टि किती गेली, हें ज्यानें त्यानें आपल्या घरापासून तपासावें. आपल्या घरीं धुणींभांडीं करण्यास येणाऱ्या बाईचें धाकटें मूल ह्या घटकेस कोणाच्या कडेवर आहे, आणि तें सांभाळणारी मुलगी कोणत्या शाळेच्या हजेरीपटांत गैरहजर आहे, एवढें तिला उद्यां सकाळीं अवश्य विचारा. मीं तें वेळेवर विचारलें नव्हतें.