पहिलीनंतरची दुसरी



आत्ता माझी ओळख करून देताना निवेदिकेने ‘पहिली’ हा शब्द चार वेळा उच्चारला. वर्गातली पहिली मुलगी, विभागातली पहिली महिला कार्यकारी अभियंता, प्रदेशातली पहिली महिला मुख्य अभियंता आणि आता अभियंत्यांच्या या परिषदेची पहिली महिला अध्यक्ष. चारही वेळा टाळ्या पडल्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळालेल्या टाळ्यांना नको म्हणू नये, म्हणून मी त्या घेतल्या. पण चौथ्या खेपेला डोक्यात एक साधी वजाबाकी सुरू झाली. मुख्य अभियंत्याची ती खुर्ची सोडून मला अकरा वर्षे झाली. माझ्यानंतर तिथे पाच जण बसून गेले, पाचही पुरुष. माणसे चांगली होती, त्यातले दोघे तर माझ्याच हाताखाली तयार झालेले. पण दुसरी बाई अजून आलेली नाही.

म्हणून आज मला पहिलीबद्दल बोलायचे नाही. दुसरीबद्दल बोलायचे आहे.

आपण सगळी साइटवरची माणसे, तेव्हा उदाहरणही साइटवरचेच देते. स्लॅब पडतो त्या दिवशी काय थाट असतो! सकाळी नारळ फुटतो, मिक्सर धडधडू लागतो, मालक येतो, आर्किटेक्ट येतो, दुपारी सगळ्यांना जेवण आणि संध्याकाळी पेढे. फोटो निघतात ते त्याच दिवसाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे चिटपाखरू नसते, आणि जोखमीचे काम तर तेव्हा सुरू होते. स्लॅबवर बारीक बांध घालून आळी करायची, त्यात पाणी तुंबवायचे, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळायचे आणि निदान सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस, काही सुकू द्यायचे नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ओले राहून होते, हे आपण कॉलेजातच शिकलो. पाणी चुकले तरी स्लॅब उभा राहतो, पण भेगाळतो, आणि चार पावसाळ्यांनी गळू लागतो. तेव्हा नारळ कोणी फोडला होता, हे कोणी विचारत नाही.

पहिली बाई नेमणे म्हणजे स्लॅब टाकणे. तिच्यामागून दुसरी, पाचवी, पन्नासावी येत राहील अशी तजवीज करणे म्हणजे पाणी मारणे. नारळ फोडण्यात आपण तरबेज आहोत. पाणी मारायला मात्र कोणी मागे थांबत नाही.

आपल्याच व्यवसायाचा इतिहास पाहा. 1940 नंतरच्या चार-पाच वर्षांत मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता, पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या तिघी पदवी घेऊन बाहेर पडल्या. ललिता अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात तान्ही मुलगी. छापील पदवीपत्रातला ‘तो’ खोडून तिथे हाताने ‘ती’ लिहावे लागले, असे सांगतात. थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. मी नोकरीला लागले 1978 मध्ये, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. आणि हे नाव माझ्या कानावर पडले निवृत्त झाल्यावर! नोकरीची सगळी वर्षे मी ‘माझ्याआधी कोणीच नव्हते’ असे समजून एकटेपणाने काढली. आधी कोणी होऊन गेले हे मागच्यांना कळूच नये, यापरता पाण्याचा दुष्काळ कोणता?

शकुंतला भगत यांचे नाव तर घराजवळचे. 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून त्या स्थापत्य अभियंता झाल्या, पुढे आयआयटी मुंबईत शिकवले. मग पती अनिरुद्ध भगत यांच्यासह ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी उभी केली. ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात घडवायचे, जागेवर नेऊन जोडायचे, आणि गाळा व भार बदलला तरी तेच भाग निराळ्या जुळणीने वापरायचे, ही त्यांची पद्धत. 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचा पहिला पूल झाला, तोही चार महिन्यांत. जिथे पक्क्या कामाचा हंगामच उन्हाळ्यापुरता असतो, तिथे चार महिने म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाच्या एका वर्गात मी त्यांचे नाव विचारले. एकही हात वर आला नाही.

हे आपल्याच क्षेत्रात घडते असे मात्र नाही. साहित्य संमेलनाची परंपरा 1878 च्या पुण्याच्या ग्रंथकार संमेलनापासून सांगतात. कुसुमावती देशपांडे ग्वाल्हेरला पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या 1961 मध्ये. दुसऱ्या दुर्गा भागवत, 1975 मध्ये कराडला. मग शांता शेळके 1996, विजया राजाध्यक्ष 2001, अरुणा ढेरे 2019 आणि तारा भवाळकर 2025. 2025 पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा जणी. ज्या भाषेत मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई झाल्या तिची ही गत, तर सिमेंट-लोखंडाच्या आपल्या धंद्याला काय बोलणार? सर्वोच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून फातिमा बीवी 1989 मध्ये आल्या, 1992 मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर सुजाता मनोहर 1994 च्या नोव्हेंबरमध्ये येईपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ तिथे एकही स्त्री नव्हती. पहिली गेली आणि दार आपोआप लोटले गेले.

मग जिथे दुसरी लगेच आली असे एकही क्षेत्र नाही का? आहे, वैद्यकाचे. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण रुजू होण्याआधीच 1887 च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्या गेल्या. आपण त्यांच्यावर कादंबरी लिहिली, नाटक केले, चित्रपट काढला. पण वैद्यकाचे दार उघडे राहिले ते आणखी एका गोष्टीमुळे. त्याच 1886 मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले, स्त्रियांसाठी आणि स्त्री-डॉक्टरांनी चालवलेले. तिथे प्रमुख असलेल्या एडिथ पीची यांनीच पुढे रखमाबाईंना लंडनला शिकायला जाण्यासाठी मदत केली आणि परतलेल्या रखमाबाईंनी सुरत-राजकोटकडे दीर्घकाळ दवाखाने सांभाळले. आनंदीबाईंचे धैर्य मोठेच, पण धैर्य वारशाने मिळत नाही. मंजूर झालेली जागा मिळते.

यावर कोणी म्हणेल, तिथे गरज होती, बायका पुरुष डॉक्टरांना नाडीसुद्धा दाखवत नव्हत्या. अगदी खरे. पूल काही अभियंता पुरुष आहे म्हणून लाजत नाही. म्हणूनच आपल्याकडे ही गरज आपोआप निर्माण होणार नाही, ती नियमाने करावी लागेल. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. ‘सरपंचपती’ म्हणून आपण हसलो, पण नियमाने दुसरी आणली, तिसरीही आणली. उणीव राहिली ती फिरत्या आरक्षणाची. बाई पाच वर्षांत कारभार शिकते आणि पुढच्या खेपेला तिचा प्रभाग खुला होतो. म्हणजे सातव्या दिवसाआधीच नळ बंद.

आता माझ्याच कामातली भेग दाखवते. अध्यक्षाने आपली चूक सांगू नये असा संकेत असेल, तर तो आज मोडते.

मी कार्यकारी अभियंता असतानाची गोष्ट. घाटरस्त्याच्या कामावर एक कनिष्ठ अभियंता होती. हुशार, मुकादमाशी त्याच्याच भाषेत भांडणारी, खडी हातात घेऊन प्रतवारी सांगणारी. सहावा महिना लागला तेव्हा ती माझ्याकडे आली. “मॅडम, चार-पाच महिने ऑफिसात काम द्याल का? बाळंतपण झालं की परत साइटवरच येते.” मी काय म्हणाले असेन? “आम्ही नाही केलं का?” तेव्हा मला त्या उत्तराचा अभिमान वाटला होता. ‘मी बाई नाही, इंजिनिअर आहे’ हे सिद्ध करण्यात मी इतकी गुंतले होते, की समोरची बाई इंजिनिअर आहे हे मला दिसले नाही. ती रजेवर गेली आणि मग बदली मागून संकल्पचित्र विभागात गेली. तिथे तिचे सगळ्यांनी प्रेमाने स्वागत केले. सावलीतले काम, वेळेत घर. पुढे बढतीच्या यादीत प्रत्यक्ष जागेवरच्या कामाची वर्षे मोजली गेली, तेव्हा तिची कमी भरली. तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणींची कमी भरली.

माझी दुसरी ती होती. मीच तिच्या स्लॅबला पाणी मारले नाही. आणि ‘आम्ही नाही केलं का’ म्हणताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले होते. माझी दोन्ही मुले माझ्या सासूबाईंनी वाढवली. मी एकटीने काहीच केले नव्हते.

बांधकाम हे पुरुषांचे क्षेत्र, असे आपण म्हणतो. कोणत्याही साइटवर उभे राहून मोजा. घमेली वाहणारी, वाळू चाळणारी, विटा भिजवणारी बाई पिढ्यान् पिढ्या तिथे आहे. क्षेत्र पुरुषांचे नाही, थापी आणि ओळंबा पुरुषांचा आहे. मुलगा बिगारी म्हणून येतो आणि चार-पाच वर्षांत गवंडी होतो. बाई बिगारी म्हणून येते आणि बिगारीच म्हातारी होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे ही रीत थोडी मोडली. घरे मजबूत करण्याच्या कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या, बांधकामाची तंत्रे शिकल्या, कामांवर देखरेख करू लागल्या. ज्या बायकांनी भिंती कोसळताना पाहिल्या होत्या, त्यांनी कोपऱ्याची बांधणी तपासली. संकटाने त्यांच्या हाती ओळंबा दिला. आपण धडधाकट काळात का देत नाही?

आणि सोयी करणे म्हणजे बायकांवर उपकार, हा समज आता मोडा. सातारच्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत इंजिन चालवू लागल्या, 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन घाटातून उतरवली, 13 मार्च 2023 ला सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली. त्यांच्यामागून पुष्कळ जणी आल्या. तेव्हा कुठे हे मोठ्याने बोलले जाऊ लागले, की बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृहच नाही. पुरुष चालकांनीही पिढ्यान् पिढ्या तेच सोसले होते, पण बोलायची सोय नव्हती. बायका बोलल्या, आता इंजिनांत स्वच्छतागृहे बसू लागली आहेत आणि ती सगळ्यांनाच उपयोगी पडतात.

म्हणून या परिषदेने तीन गोष्टी कराव्यात. एक, प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात स्वच्छतागृह आणि पाळणाघर या स्वतंत्र बाबी असाव्यात, ‘इतर खर्चा’त ढकललेल्या नसाव्यात. पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, असे बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यानेच सांगितले होते. आपण ते निविदेत उतरवायचे आहे. दोन, बाळंतपणानंतर साइटवर परतण्याचा हक्क लेखी असावा आणि बढतीच्या हिशेबात तो खंड उणा धरू नये. मुलींना सावलीत बसवण्याचा दयाळूपणा बंद करा. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीचा रस्ता उन्हातूनच जातो. तीन, मोठ्या कामावर काही बिगारी बायकांना गवंडीकाम शिकवण्याची अट असावी आणि शिकल्यावर मजुरी गवंड्याची मिळावी.

शेवटी माझ्या पहिल्या स्लॅबची गोष्ट. एका गावातल्या शाळेची इमारत, भर मे महिना. स्लॅबच्या दिवशी सरपंचांनी माझ्या हस्ते नारळ फोडून घेतला, कारण ‘बाई इंजिनिअर’ गावात प्रथमच आली होती. नंतरचे दहा दिवस वॉचमनची बायको हंडा घेऊन शिडीने वर चढत राहिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मी मेजरमेंट बुकात काँक्रीटचे घनमीटर लिहिले, सळईचे वजन लिहिले. पाणी कोणी मारले हे लिहायला त्यात रकाना नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्या गावावरून जाताना शाळेत डोकावले. छत कोरडे आहे, खाली चौथीचा वर्ग भरतो. मुख्याध्यापकांनी मला ओळखले, “पहिल्या महिला इंजिनिअर” म्हणून मुलांना दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वर छताकडे पाहत राहिले. त्या बाईचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते, आणि आता सांगणारे कोणी उरले नव्हते.